रिव्हॉल्व्हरचं घर आणि माझी तिसरी अट

सोमवार, १२ नोव्हेंबर १९३४. जागा: दौलतगंजातल्या बोळातलं मोच्याचं दुकान. हजर: उस्ताद, वय साठीच्या आसपास, उस्तादांचा पुतण्या, वय तीस, मिशांना पीळ, मी, वय त्रेचाळीस. गैरहजर: कारभारी, ज्यांच्यामुळे मला तिथे जावं लागलं.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे आणि ती सवय माझ्या उपयोगी पडली आहे, एक वेळ सोडून. ती वेळ इथे सांगतो.

आमचं घराणं फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आलं. आजोबा स्वार होते, वडील स्वार होते. मी एका सरदारांच्या सिलेखान्यात हत्यारांची नोंद ठेवत असे. एकोणीस वर्षं मी तलवारी मोजल्या, तेल लावून घेतल्या, म्यानं बदलून घेतली. त्या वर्षी सरदारांनी आपल्या स्वारांना रिव्हॉल्व्हरं दिली आणि तलवारी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेल्या. भिंतीवरच्या तलवारींची नोंद ठेवायला माणूस लागत नाही. दिवाळी आटोपली तशी कारभाऱ्यांनी मला बोलावलं.

"जीनखान्यावर देखरेखीला माणूस हवाय," ते म्हणाले. "खोगिरं, लगाम आणि आता ही रिव्हॉल्व्हरं अडकवायची होलस्टरं. पण ज्याला स्वतःला एक शिवता येत नाही त्याने दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढू नये, असं माझं मत आहे. संक्रांतीपर्यंत शिका. एक होलस्टर आणि एक काडतुसांची थैली. माझ्यासमोर करून दाखवायची."

"समोर कशाला? करून आणतो की."

"करून आणलेलं कोणाचं असतं ते मला कळत नाही," कारभारी म्हणाले. तेही संशयी होते, हे मला बरं वाटलं. "नाही जमलं तर तुम्हाला मोकळं करतो. आवारातल्या खोल्या फाल्गुनात रिकाम्या करा. दख्खनेत गाव आहे ना तुमचं?"

गाव होतं, म्हणजे गावाचं नाव मला माहीत होतं. तिथे आम्हाला ओळखणारा एकही माणूस उरला नव्हता. माझी बायको इथे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातच जन्मली. तिचं अर्धं बोलणं हिंदीत चालतं आणि उरलेल्या अर्ध्या मराठीतही ती "मला जायचं आहे" म्हणताना "मला जाणं आहे" म्हणते. तिकडे तिला लोक हसले असते. मी त्या दिवशी वहीत लिहिलं: "दोन महिने. नाहीतर ग्वाल्हेर सोडणे."

म्हणून दौलतगंज.

उस्ताद जीनखान्याची बाहेरची कामं करत. तीस-चाळीस वर्षं मराठी स्वारांची जोडे-खोगिरं केल्यामुळे त्यांची भाषा आमच्यासारखीच मिसळलेली झाली होती. दुकान म्हणजे एक लांबट खोली. चिंचेच्या आणि बाभळीच्या सालीचा आंबूस वास, पाण्याची दगडी कुंडी, दारात उजेडासाठी बसायची जागा. मी आत पाऊल टाकलं तेव्हा पुतण्या दोऱ्याचं टोक दातांत धरून मेण चोळत होता. दोरा तोंडातून काढून त्याने सरळ एका पट्ट्याच्या भोकात घातला.

 मी तिथल्या तिथे वही उघडली आणि अटी लिहिल्या, आणि लिहिल्या त्या मोठ्याने वाचून दाखवल्या, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की माहीत नव्हतं. एक, पाणी माझं मी घरून लोट्यात आणीन. दोन, बसायला माझं घोंगडं, ते दुसऱ्या कोणी वापरू नये. तीन, तोंडाला लागलेली कुठलीही वस्तू माझ्या कामाला लागता कामा नये. चार, मला प्रत्येक पायरी दाखवावी, एकही गाळू नये.

पुतण्या हसला. "चाचा, मुंशीजी सीखने आए हैं या हमें कसम खिलाने?"

"चुप," उस्ताद म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली. "हो रावजी. चारही मंजूर."

इतकी चटकन मंजुरी मला आवडली नाही. माझ्या अनुभवात, जो माणूस वाटाघाट न करता अटी मान्य करतो तो त्या पाळणार नसतो. पण हे मी वहीत लिहिलं, बोललो नाही.

पहिल्या आठवड्यात मी शिकलो ते असं. पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं ताणतं. होलस्टरला पाठीचंच घ्यायचं. रापी, म्हणजे चामडं तासायची रुंद सुरी, आपल्या अंगाकडे ओढायची नाही. भोकं आरीने पाडायची ती तिरपी, आणि दोन सुया दोन बाजूंनी एकाच भोकातून घालायच्या. दोन थरांच्या शिवणीत एक अरुंद पट्टी घालायची, नाहीतर रिव्हॉल्व्हरची कड दोरा कापते. काडतुसांची थैली सोपी; झाकणाला जीभ, जिभेला पितळी गुंडी. चौथ्या दिवशी माझी पहिली थैली तयार झाली. वाकडी होती पण थैली होती. मी ती घरी नेली.

बायकोने दारातच अडवलं. "ते बाहेर ठेवा. आधी नळावर जा, कपडे बदला, मग आत या."

"अगं, चामडंच आहे. माझे आजोबा जन्मभर चामड्याच्या खोगिरावर बसले."

"बसले, तासलं नाही," ती म्हणाली. मग थैली हातात न घेता वाकून बघितली. "गुंडी छान लावली आहे."

त्या रात्री तिला मी सांगितलं की थैली जमली, होलस्टरही जमेल. तेव्हा मला ओल हा प्रकार माहीत नव्हता.

उस्ताद होलस्टरला होलस्टर म्हणत नसत, घर म्हणत. "तमंचे का घर," ते म्हणायचे. हे घर नुसतं शिवून होत नाही, ओलं करून घडवावं लागतं. चामडं कुंडीत बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचं. बराच वेळ गेला की ते अशा एका अवस्थेला येतं की वरून कोरडं आणि आत ओलं. त्याच वेळी ते लाकडी फर्म्यावर, म्हणजे सुताराने रिव्हॉल्व्हरच्या मापाने तासलेल्या ठोकळ्यावर, ओढून बसवायचं आणि शिंगाच्या तुकड्याने दाबून दाबून कडा उठवायच्या. मग सावलीत वाळवायचं. नीट झालं तर रिव्हॉल्व्हर आत जाताना टक असा आवाज होतो आणि उलटं करून हलवलं तरी ते पडत नाही. जास्त ओलं असताना घडवलं तर वाळताना सैल पडतं. कमी ओलं असताना घडवलं तर कडा तडकतात.

प्रश्न एवढाच की ती वेळ आली हे कसं कळतं.

उस्तादांना कळत असे. मला कळत नसे. मी घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी घडवलं: सैल. पाऊण तासाने: तडा. पस्तीस मिनिटांनी: एकदा बरं, दुसऱ्यांदा सैल, कारण दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मी थंडी, धुकं, चामड्याची जाडी आणि मिनिटं असा तक्ता केला. तक्ता दोन पानांचा झाला आणि काहीच सांगेना.

याच सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बरोबर त्या पायरीला उस्ताद मला बाहेर पाठवत होते.

नोंदी माझ्याकडे आहेत. २२ नोव्हेंबर: मेण आणायला पाठवलं. दुकानात मेण होतं, मी फळीवर पाहिलं होतं. २६ नोव्हेंबर: माझा लोटा भरून आणायला. लोटा अर्धा भरलेला होता. २९ नोव्हेंबर: फर्मा सुताराकडून पुन्हा तासून आणायला. सुताराने फर्मा फिरवून बघितला आणि "इसमें क्या करूँ?" म्हणाला. ३ डिसेंबर: गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा आहे का ते बघून यायला. टांगा नव्हता. असण्याचं काही कारणही नव्हतं.

प्रत्येक वेळी मी परत येईपर्यंत चामडं फर्म्यावर असायचं आणि उस्ताद म्हणायचे, "बस, रावजी, आता दाबा." मी दाबलं की घर छान उठायचं. मी एकटा केलं की बिघडायचं.

मी आणखी एक नोंद केली. पुतण्या दोरा दातात धरायचा, पण उस्ताद माझ्या कामाला हात लावताना दोऱ्याचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवायचे. तिथे मी लिहिलं: "उस्ताद पुतण्यापेक्षा स्वच्छ." याहून जास्त काही मला त्यात दिसलं नाही.

कारणही मला सापडलं होतं, असं मला वाटत होतं. एका दुपारी मी बोळात घोंगडं झटकत होतो तेव्हा पुतण्या एका गिऱ्हाइकाला आत सांगत होता, "जीनखाने में जगह निकली है. अर्जी देनी है." म्हणजे जागा त्याला हवी होती. मी नापास झालो की कारभारी उस्तादांनाच विचारणार की आता कोण. उस्ताद पुतण्याचं नाव घेणार. चौथ्या अटीला मान हलवून चौथीच अट मोडली होती, आणि मी रोज गोरखी वाड्यावरून चालत तिथे जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होतो.

घरी मी हे सगळं सांगितलं. बायको भाकरी थापत होती.

"मग उस्तादांना विचारा."

"विचारल्यावर खरं सांगतील?"

"तुम्ही शिकता की तपास करता?"

"दोन्ही."

"मग तपासच होईल," ती म्हणाली. "आणि संशय घ्यायचाच असेल तर माझ्यावर घ्या. मला वेळ आहे, मी घरीच असते." थोड्या वेळाने तिने तवा उतरवला आणि विचारलं, "तिकडे गावाला नळ असतील ना?"

मी वही उघडून तारीख घातली. तिने पुन्हा विचारलं नाही.

उस्तादही माझ्याकडे संशयाने बघत होते, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. माझी वही उघडली की त्यांचे हात मंद व्हायचे. पुतण्या उघड बोलायचा. "लिखते क्या हैं दिन भर? किसके यहाँ कितना चमड़ा कटा, यही ना? दरबार में जाके बताएँगे." मी म्हणायचो, मी शिकतोय. तो म्हणायचा, "हाँ हाँ, सब सीखने ही आते हैं."

११ डिसेंबरला उस्तादांनी चामडं कुंडीतून काढलं, फडक्यात गुंडाळलं, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "रावजी, जरा फूलबागेकडच्या रस्त्यावर जाऊन या. तिथे माझा एक गिऱ्हाईक जोडे घ्यायला येणार होता."

मी निघालो. बोळाच्या वळणापर्यंत गेलो, वळलो, आणि भिंतीला लागून परत आलो. दाराच्या बाजूला वाळत घातलेली कातडी होती. त्यांच्या आडून आतलं दिसत होतं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर पागोटं, हातात वही, कातड्याच्या मागे लपलेला. वाईट दिसलो असेन. पण चांगलं दिसावं म्हणून मी गेलो नव्हतो.

उस्तादांनी फडकं उघडलं. चामड्याचा तुकडा दोन्ही हातांत उचलला, डोळे मिटले, आणि तो खालच्या ओठाला लावला. तसाच धरून ठेवला. मग पुन्हा फडक्यात ठेवला. थोडं थांबले. पुन्हा उचलला, ओठाला लावला, या वेळी मान हलवली आणि फर्म्यावर ओढला.

मी आत शिरलो. "हे काय चाललंय?"

उस्ताद दचकले. तुकडा हातातून फर्म्यावरच घसरला. पुतण्या जोड्याला टाच ठोकत होता, त्याची मोगरी थांबली.

"इतके दिवस मला हे दाखवलं नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "चौथी अट काय होती? एकही पायरी गाळायची नाही. तुम्ही हो म्हणालात. तुमच्या पुतण्याला जागा मिळावी म्हणून..."

"कौन सी जगह?" पुतण्या म्हणाला.

"देखरेखीची!"

तो इतका मोठ्याने हसला की समोरचा भांडीवाला डोकावला. "मुंशीजी, मैं देखरेख करूँगा? स्वारों की? मुझे तो जीनखाने में कारीगर की जगह चाहिए. और वो अर्जी देखरेख वाले के पास जाएगी. आप पास होंगे तो आपके पास. आप फेल होंगे तो पता नहीं किसके पास."

मी उस्तादांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. संकोचले होते, जसं कोणाला अंघोळ करताना बघितलं की तो संकोचतो.

"रावजी," ते म्हणाले, "चौथी शर्त याद आहे मला. पण तिसरी तुमचीच होती."

मला तिसरी आठवेना. मी वही उघडली, पहिलं पान काढलं. माझ्याच अक्षरात, तारखेसकट, दोन रेघांच्या मध्ये नीट बसवलेलं: तोंडाला लागलेली कुठलीही वस्तू माझ्या कामाला लागता कामा नये.

मी प्रत्येक पायरी लिहिली होती आणि हे लिहिल्याचं विसरलो होतो. उस्तादांना वाचता येत नव्हतं, त्यांनी एकदा ऐकलेलं लक्षात ठेवलं होतं.

"ओल ओठालाच कळते," उस्ताद म्हणाले. "बोट को नहीं. बोटं सुन्न होतात या कामात. तुमच्यासमोर लावलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, उष्टं झालं, फेका. नाही लावलं असतं तर घर बिघडलं असतं. मग काय करायचं? तुम्हाला बाहेर धाडलं. तुम्ही दाबत होतात ते सगळे माझ्या ओठाला लागलेलेच." मग त्यांनी विचारलं, "आता फेकणार?"

पुतण्या म्हणाला, "बोलिए. आठ घर बने हैं. आठों फेंकने हैं?"

मी घोंगड्यावर बसलो. पागोटं काढलं. पेन्सिल काढून तिसऱ्या अटीवर रेघ मारली, आडवी, नीट. उस्तादांना मी ती दाखवली. त्यांना अक्षर कळत नव्हतं पण रेघ कळली.

"दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी दाखवलं. चामडं ओठाला लावल्यावर थंड लागायला हवं, पण ओठ ओला व्हायला नको. थंड आणि ओलं असेल तर लवकर आहे. थंडच लागलं नाही तर उशीर झाला. माझ्या पहिल्या वेळेला मी ते लावलंच नाही, नुसतं जवळ नेलं. दुसऱ्या वेळेला लावलं आणि थुंकलो. पुतण्या तोंड फिरवून हसला, पण आवाज केला नाही. पाचव्या-सहाव्या वेळेला मला थंडीचा तो पातळ थर जाणवला. बाभळीच्या सालीची तुरट चव जिभेवर राहिली. आठवडाभर मी ती चव घरी नेली. बायकोला मी काय शिकलो ते सांगितलं नाही. "जमतंय," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "चेहऱ्यावरून वाटत नाही."

परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. जागा: जीनखान्याचं अंगण. हजर: कारभारी खुर्चीवर, जीनखान्याचे दोन म्हातारे कारीगर, बघायला जमलेले सहा-सात स्वार, मी. थैली मी अर्ध्या दिवसात शिवली आणि कारभाऱ्यांनी झाकण उघडून मिटून बाजूला ठेवली. होलस्टरचं चामडं मी कापलं, कडा तासल्या, भिजवलं, फडक्यात गुंडाळलं. धुकं सकाळपासून उठलं नव्हतं. घड्याळाचा काही उपयोग नव्हता आणि मी ते घरीच ठेवलं होतं.

कारभारी ब्राह्मण होते आणि सोवळ्याओवळ्याचे कडक. स्वार सगळे आमच्यातलेच, माझ्या वडिलांबरोबर चाकरी केलेल्यांची मुलं. मी फडकं उघडलं. तिथे बसून मला दोनच गोष्टी दिसत होत्या: फाल्गुनात गाडीवर बांधलेलं आमचं सामान, आणि हे सगळे लोक. मी तुकडा उचलला आणि ओठाला लावला. ओठ ओला झाला. परत ठेवला.

 मग एक स्वार म्हणाला, "दादा, मुका घेताय का त्याचा?"

सगळे हसले. कारभाऱ्यांनी हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"ओल बघतोय."

"ती हाताने नाही बघता येत?"

"नाही," मी म्हणालो.

कारभाऱ्यांनी नजर भिंतीकडे वळवली आणि ती बराच वेळ तिथेच ठेवली. मी तुकडा आणखी दोनदा उचलला. तिसऱ्या वेळेला थंडी आली, ओल नाही. मी ओढलं, दाबलं, शिंगाने कडा उठवल्या. दोन दिवस सावलीत वाळवून, शिवून, तिसऱ्या दिवशी ते कारभाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर आत घातलं. टक आवाज आला. उलटं धरून तीनदा झटकलं. ते पडलं नाही. मग त्यांनी एका स्वाराला ते कमरेला बांधायला लावलं आणि एका हाताने ओढायला सांगितलं. रिव्हॉल्व्हर बाहेर आलं, घर जागेवर राहिलं.

"ठीक," कारभारी म्हणाले. मग रुमालाने बोटं पुसली.

मला जागा मिळाली. आवारातल्या खोल्या राहिल्या. बायकोला सांगितलं तेव्हा ती "बरं झालं" म्हणाली आणि मग आत जाऊन बराच वेळ आलीच नाही. मला अजून एक शंका आहे, ती इथे नोंदवतो. परीक्षेचं चामडं उस्तादांनी निवडून दिलं होतं आणि ते पाठीचं, एकसारखं, कुठेही डाग नसलेलं होतं. तसं चामडं दोन महिन्यांत मला एकदाही मिळालं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "जो हातात आला तो दिला." मला ते खरं वाटत नाही.

चैत्रात पुतण्या कारीगर म्हणून जीनखान्यात आला. अर्ज माझ्याकडेच आला होता. त्याच सुमाराला कारभाऱ्यांनी मला होलस्टर करण्याची पद्धत कलमवार लिहून, सही करून, भिंतीवर लावायला सांगितली, म्हणजे नवे कारीगर वाचून काम करतील. माझ्या हातचं काम होतं ते. सतरा कलमं झाली. चामड्याची निवड, रापी, आरी, मधली पट्टी, भिजवणं, फडकं, फर्मा, शिंग, सावली. काही सुटलं नाही. मोठ्या अक्षरात, शाईने, फळीवर चिकटवून, खाली सही आणि तारीख.

पुतण्याला थोडं वाचता येतं. तो फळीपुढे उभा राहिला आणि बोटाने ओळी मोजत खाली गेला. नवव्यावर थांबला.

"नौ," तो म्हणाला. "'ओल योग्य झाल्याची खात्री करून घ्यावी.' बस?"

"बस."

"कैसे करें, ये नहीं लिखा."

मी मेजावरचे कागद सारखे केले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग मिशीला पीळ देत म्हणाला, "चाचा तो आपको टांगा देखने भेजते थे. आप नए कारीगरों को कहाँ भेजेंगे?"

फळी अजून तिथेच आहे. दोन नव्या कारीगरांनी नवव्या कलमावरून चामडं बिघडवलं आणि मग पुतण्याने त्यांना कोपऱ्यात नेऊन दाखवलं; मी त्या वेळी माझ्या मेजावर वळून बसलो होतो. कारभारी अधूनमधून येतात, फळी वाचतात आणि छान लिहिलंय म्हणतात. ओठ हा शब्द माझ्या सहीच्या वर भिंतीवर लावायचा, कारभाऱ्यांनी वाचायचा, स्वारांनी वाचायचा, सणासुदीला आमच्या घरी जेवायला येणाऱ्यांनी वाचायचा, एवढंच काम आहे. एका ओळीचं. पेन्सिलीने मी ती ओळ दोनदा लिहून बघितली आहे, वहीत.

उस्तादांना वाचता येत नाही, पण पुतण्याने त्यांना सांगितलं असणार. मी त्यांना भेटायला जातो, माझा लोटा घेऊनच जातो, आणि त्यांनी आजवर फळीविषयी विचारलेलं नाही. मला वाटतं, ते वाट बघत आहेत.

नवी वही सुरू केली की करायच्या कामांची यादी मी जुन्या वहीतून उतरवून घेतो. झालेलं काम गळतं, न झालेलं पुढे जातं. काल नवी वही घेतली. पहिल्या पानावर पहिलंच आलं: नववं कलम दुरुस्त करणे.